भरू दे, मग निघतो

वहिनींनी मांडणीवरचा कप उचलला, त्यावरची अक्षरं वाचली आणि त्यांना हसू आलं. सकाळपासून हसण्यासारखं काही घडलं नव्हतं, पण आलं खरं. पांढऱ्या कपावर निळ्या लाटा काढल्या होत्या, लाटांतून एका बसचा टप तेवढा वर आलेला, आणि खाली वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, 'भरू दे, मग निघतो!'

हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. ओळखीचं कसलं, घरातलंच होतं. जेवायला कधी येताय म्हणून फोन केला की पलीकडून नवरा हेच म्हणायचा. बस स्टँडवर उभी, आत चार टाळकी, आणि हे महाराज बाहेर चहाचा ग्लास घेऊन निवांत. इकडे ताटातलं गार होऊन जायचं. वहिनी चिडायच्या, आदळआपट करायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता इतक्या लांब, ओळख ना पाळख अशा गावात, दुकानातल्या कपावर ते वाक्य भेटलं म्हटल्यावर माणूस हसणारच. जगात असं म्हणणारं आणखीही कोणीतरी आहे म्हणायचं, असं त्यांच्या मनात आलं. कप तसा बरा होता. कान मजबूत होता.

तेवढ्यात नणंदेनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि जागेवर ठेवला.

"चल वहिनी. उगाच कशाला हात लावतेस."

"का? फुटतोय का?"

नणंद पाठ फिरवून चालू लागली. एरवी तिच्या तोंडाला कुलूप लागत नसे. इस्पितळाच्या धोबीखात्यात आयुष्य गेलेली बाई, मशिनच्या आवाजावर आवाज काढायची सवय. तिच्याच खात्यातल्या बायकांची ही सहल. वहिनींना तिनं जवळजवळ ओढूनच आणलं होतं. एकदा ती जागा बघून घे, मनातून जाईल तरी, असं महिनाभर घोकून घोकून तिनं त्यांना बसमध्ये बसवलं होतं.

ती जागा म्हणजे हीच. इथला समुद्र सगळ्या मुलखात नावाजलेला. दिवसातून दोनदा तो इतका मागे हटतो की किनाऱ्यावर उभं राहून दिसतच नाही. नुसता ओला, चकचकीत चिखल आणि त्यात आडव्या पडलेल्या होड्या. मग परत यायला लागला की पळणाऱ्या माणसाला गाठतो. समोर एक बेट, बेटावर जुनं दीपगृह, आणि मधे दगडी रस्ता. पाणी हटलं की त्या रस्त्यावरून खुशाल गाड्या जातात. पाणी आलं की रस्ता नावालाही उरत नाही. रस्त्याच्या अलीकडच्या तोंडाला फाटक, आणि फाटकाला लागून हे पर्यटकांसाठी बांधलेलं दालन. पुढे दुकान, मागे मांडून ठेवलेल्या जुन्या वस्तू.

त्या रस्त्यावर, सहलीची बस चालवताना, वहिनींचा नवरा गेला होता. धाकटी लेक तेव्हा शाळेत होती, आता तिची मुलगी शाळेत जाते. पाण्यानं बस मधोमध गाठली. ह्यांनी मागच्या शिडीवरून एकेकाला टपावर चढवलं. होड्या आल्या, सगळे वाचले, आणि शेवटी शिडीपाशी राहिलेला ड्रायव्हर तेवढा पाण्याबरोबर गेला. त्या सहलीतली दोन म्हातारी माणसं घरी येऊन वहिनींचे हात धरून रडली होती. पण पेपरात आलं ते एवढंच, की चालकानं इशारा धुडकावला. झालं. तेवढी एक ओळ घराला चिकटली ती चिकटलीच. बसच्या मालकानं फोन उचलणं बंद केलं. धाकटीचं लग्न ठरवताना मुलाकडच्या एका बाईनं आवाज खाली आणून विचारलं होतं, "घ्यायचे का हो ते?" सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला माणूस. वहिनी तेव्हा मूग गिळून बसल्या, कारण लग्न व्हायचं होतं. त्या गप्प बसण्याचा राग अजून त्यांच्या पोटात होता.

"या मंडळी, सगळे पुढे या," गाईडनं हाक दिली. गळ्यात माईक अडकवलेली तरतरीत मुलगी. धोबीखात्याच्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. वहिनी आणि नणंद मागे राहिल्या. त्या कोण आहेत हे सहलीत कोणालाच माहीत नव्हतं. वहिनींनी तशी अटच घातली होती.

गाईडनं समुद्राची माहिती सांगितली, चंद्राचं सांगितलं, चिखलात रुतलेल्या घोडागाडीची गोष्ट सांगितली. मग दाराजवळ खुर्चीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे हात केला. त्याच्यासमोर छोट्या टेबलावर जुना काळा टेलिफोन होता. हे आपले फाटकवाले काका, ती म्हणाली, फाटक विजेवर चालायला लागायच्या आधी तीस वर्षं यांनी ते उघडलं नि लावलं. पाणी फिरलं की फाटकावर नंबर देऊन बेटावर गेलेल्या ड्रायव्हरांना काकाच मोबाईलवर फोन करत. सगळे ऐकत. एक सोडून.

"हा समुद्र कोणाचं ऐकत नाही," ती म्हणाली, "आणि तो ड्रायव्हरही कोणाचं ऐकत नव्हता."

बायका हसल्या. वहिनींनी पिशवीचे बंद मनगटाभोवती गुंडाळून घेतले.

काकांनी स्वतः फोन केला, गाईड सांगत होती, स्पष्ट सांगितलं की भरती सुरू झाली आहे, ताबडतोब निघा. आणि तो पठ्ठ्या काय म्हणाला असेल? तिनं सगळ्यांकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे वळली. "काका, काय म्हणाला तो?"

म्हाताऱ्यानं रिसीव्हर उचलून कानाला लावला. त्याला रोजची सवय होती.

"म्हणाला, भरू दे, मग निघतो."

हशा उसळला. एक बाई तर पोट धरून वाकली. समुद्र भरू दे म्हणे, अगं बाई, समुद्र भरू दे, असं म्हणत ती शेजारणीच्या खांद्यावर कोसळली. आणि खरंच भरल्यावर निघाला, गाईडनं शेवटचं टोक जोडलं, आणि पुन्हा हशा. टपाबद्दल नाही, शिडीबद्दल नाही. सगळे वाचले ते कोणामुळे, त्याबद्दल एक अक्षर नाही.

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे तो कप. म्हणजे मघाशी आपण ज्याला हसलो ते हे. माणूस मेला, त्याच्या तोंडचं बोलणं यांनी कपावर छापलं, वर लाटा काढल्या, आणि लोक त्यातून चहा पितात. कोणाच्या घरात पितात, कोण जाणे कुठे कुठे पितात. हसत असतील आणि पीत असतील. आणि आपणही हसलो. ते सगळ्यात जास्त लागलं.

"दादा लहानपणापासून हट्टीच होता गं," नणंद हळूच म्हणाली. तिचे डोळे जमिनीवर होते. "आई हाका मारून दमायची. हा आपला खेळ संपल्याशिवाय हलायचा नाही. मी तर सगळ्यांना हेच सांगते, हट्टापायी गेला."

"वन्सं, माणूस हट्टी असतो. वेडा नसतो."

हे त्या बोलल्या, पण बोलताना त्यांनाच काहीतरी टोचलं. काय ते हाती लागेना. डोक्यात नुसता धूर झाला होता.

घोळका पुढे सरकला होता. भिंतीशी एक बसचं बाक ठेवलं होतं, वर पाटी, 'बसा आणि फोटो काढा.' एक मुलगी काळा चष्मा लावून त्यावर मांडी घालून बसली होती, हातात तोच कप. मैत्रीण मोबाईल धरून म्हणत होती, म्हण ना, म्हण, भरू दे!

वहिनींची नजर मुलीवर नव्हती. ती बाकाच्या कोपऱ्यावर होती. मातकट लाल रेक्झिन, उडालेला रंग, कडेनं पांढरी दोरी. घराच्या जिन्याखाली मशिन टाकून वहिनी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवत. कोपऱ्याला माणसं धरून उठतात, म्हणून एकेरी शिलाई तिथे तग धरत नाही, उसवते. वहिनी तिथे उलटसुलट दुहेरी टीप मारत. दुसरा कोणी शिवणारा एवढी मेहनत घेत नाही. मालकाची गाडी, आपलं काय जातंय, असं नवऱ्याला त्या चिडवायच्या, आणि तो म्हणायचा, माझी माणसं बसतात त्यावर. टीप तशीच होती. खाऱ्या पाण्यानं दोरा काळा पडला होता, पण एक टाका सुटला नव्हता.

"उठा," वहिनी म्हणाल्या.

"का? नंबर आहे का तुमचा?"

"उठा म्हणते ना."

मुलगी उठली. काय एकेक लोक असतात, असं पुटपुटत दोघी गेल्या. वहिनी बसल्या नाहीत. कोपऱ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. गाईड लगबगीनं आली आणि गोड आवाजात म्हणाली, मावशी, मी काढते ना तुमचा फोटो. वहिनींना खूप काही बोलायचं होतं. हे मी शिवलंय, ज्याला तू हसवतेस तो माझा नवरा, आणि तुला हे बोलायचा हक्क कोणी दिला, सगळं जिभेवर आलं होतं. पण बोललं तर रडू फुटेल, आणि या लोकांना तेही बघायला मिळेल. त्या नुसत्या वळल्या आणि बाहेर पडल्या.

बाहेर वारा होता. पाणी कुठेच नव्हतं, लांबवर फक्त एक रुपेरी रेघ. दगडी रस्ता साळसूदपणे बेटापर्यंत गेला होता. नणंद मागून धापा टाकत आली. बेटावर नको जायला, आपण दोघी इथेच बसू, असं काहीतरी ती म्हणत होती. दार उघडं टाकून त्यांची बस उभी होती. ड्रायव्हर पायरीवर एक पाय ठेवून मोबाईलवर बोलत होता. वाऱ्यामुळे त्याला एका कानावर हात दाबावा लागत होता.

"हो हो, निघतोय," तो सांगत होता. "निम्मीच भरलीय अजून. बायका दुकानातून हलतायत कुठे. भरू दे, मग निघतो."

वहिनी जागच्या जागी थांबल्या.

ड्रायव्हरनं मोबाईल खिशात टाकला, त्यांच्याकडे पाहिलं आणि बसा ना आत, असं म्हणाला.

"काय भरू दे?" वहिनींनी विचारलं.

"आं?"

"आत्ता म्हणालात ना. भरू दे म्हणून. काय भरू दे?"

बाई बऱ्या आहेत ना, अशा नजरेनं त्यानं नणंदेकडे पाहिलं.

"गाडी," तो म्हणाला. "दुसरं काय?"

वहिनी वळल्या आणि आल्या तशा परत आत गेल्या. नणंद हाका मारत होती, त्यांना ऐकू येत नव्हतं. दालन आता रिकामं होतं. दुसरी एक बस येऊन थांबली होती, तिची माणसं अजून दुकानात रेंगाळत होती. फाटकवाला खुर्चीवर बसून फडक्यानं टेलिफोन पुसत होता.

"त्या दिवशी तुम्ही फोनवर काय म्हणालात?" वहिनींनी विचारलं.

ती पोरगी सांगते ना रोज, म्हातारा म्हणाला, ऐकलंत की मघाशी.

"ती सांगते ते नको. तुमच्या तोंडचे शब्द सांगा."

म्हाताऱ्याचं फडकं थांबलं. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नसावा. तो जरा आठवल्यासारखं करून म्हणाला, "भरायला लागली, असं म्हटलं."

"भरती सुरू झाली, असं नाही?"

"भरती आमच्यात कोण म्हणतं, बाई. ती पुस्तकात. आम्ही नुसतं भरली, सुकली म्हणतो. भरायला लागली म्हटलं की इथलं शेंबडं पोरसुद्धा पळत सुटतं."

"ते इथले नव्हते."

"नव्हता. बाहेरचाच होता."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाला, हो, निम्मी भरलीय. पूर्ण भरू दे, मग निघतो." म्हाताऱ्यानं फडक्याची घडी केली, पुन्हा उलगडली. "मला वाटलं, जाणता माणूस दिसतो. पाणी पूर्ण भरून उतरेपर्यंत बेटावरच बसणार. बसतात तसे पुष्कळजण. मी बरं म्हटलं, इकडचं फाटक लावलं आणि जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर गाडी रस्त्यात." तो थांबला. "एक मात्र मला कधी उमगलं नाही. निम्मी कुठली? पाण्याची तेव्हा नुसती कड हलली होती. हा निम्मी कशाला म्हणाला?"

वहिनी टेबलाच्या जवळ सरकल्या.

"गाडीला म्हणाले," त्या म्हणाल्या. "त्यांची माणसं दीपगृह बघून परत येत होती. निम्मी आली होती, निम्मी यायची होती. पुढच्या स्टँडवरून त्यांना रोज फोन यायचा, भरायला लागली का? आणि ते रोज हेच म्हणायचे. वाऱ्यात तुमचं सांगणं आणि स्टँडवाल्याचं विचारणं, दोन्ही त्यांना एकच वाटलं."

म्हाताऱ्यानं टेलिफोनकडे पाहिलं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. तो ते वाक्य मनातल्या मनात म्हणून बघत असावा. भरायला लागली. भरू दे.

"तुम्ही कोण?" शेवटी त्यानं विचारलं.

"मी त्यांची बायको. ह्या त्यांच्या बहीण."

नणंद दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. एवढी बोलकी बाई, पण पदराचा बोळा तोंडावर दाबून ती उंबऱ्यावरच बसली. "आणि मी गावभर सांगत फिरले," ती एवढंच म्हणाली. "हट्टी होता म्हणून. माझ्या पोरांना सांगितलं गं मी."

"मी विचारायला हवं होतं," म्हातारा म्हणाला. "काय भरू दे, एवढं विचारलं असतं तर." त्याचे हात टेबलावर पडले होते, ते त्याला कुठे ठेवावेत कळत नव्हतं. "पण कोण विचारतो असं, बाई?"

एखादीनं इथे त्याची समजूत घातली असती. वहिनींनी घातली नाही. एवढी वर्षं त्या, इशारा धुडकावला असं सांगणाऱ्या ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत आल्या होत्या, तो समोर बसला होता आणि म्हातारा झाला होता, तरीही त्यांना ती घालवेना.

"फोनवर चुकलं ते दोघांचं चुकलं," त्या म्हणाल्या. "त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण नंतर रोज तुम्ही हसवलंत."

"मी हसत नाही कधी. लोक हसतात."

"तुम्ही सांगता म्हणून हसतात."

दुकानाच्या बाजूनं पावलं वाजली आणि गाईडचा आवाज आला, या मंडळी, सगळे पुढे या. माणसं आत आली. पोरंबाळं होती, एक नवं जोडपं होतं, काहींच्या हातात कागदात गुंडाळलेले कप होते. वहिनी बाजूला झाल्या, पण गेल्या नाहीत. भिंतीशी उभ्या राहिल्या, म्हाताऱ्याला दिसतील अशा. गाईडनं चंद्राचं सांगितलं, घोडागाडीचं सांगितलं. हा समुद्र कोणाचं ऐकत नाही, आणि तो ड्रायव्हरही. लोक ठरल्या जागी हसले.

"काका, काय म्हणाला तो?"

म्हाताऱ्यानं रिसीव्हर उचलला. कानाला लावला. नेहमीपेक्षा त्याला जरा जास्त वेळ लागला. कप हातात असलेले लोक आधीच हसायच्या तयारीत होते.

"म्हणाला, गाडी भरू दे, मग निघतो."

कोणी हसलं नाही. हसायला त्यात काही नव्हतंच. एका माणसानं शेजारच्याला विचारलं, म्हणजे काय? गाईड एकटीच सवयीनं हसली आणि मधेच थांबली.

"काका, गाडी नाही," ती खालच्या आवाजात म्हणाली, पण माईक चालू होता. "नुसतं भरू दे."

"गाडीच," म्हातारा म्हणाला. "गाडीच म्हणाला तो. माझ्या ऐकण्यात चूक झाली."

तो आणखीही काही सांगायला लागला, बेटावरच्या माणसांचं, शिडीचं, टपाचं. शब्द नीट लागत नव्हते, पण लोक उभे राहून ऐकत होते. बाहेर बसनं दोनदा हॉर्न दिला. नणंदेनं डोळे पुसले, उठून आली आणि वहिनींच्या कोपराला हात लावला.

"वहिनी, गाडी भरली. सगळ्या आपल्यासाठीच थांबल्यात."

"थांबू देत," वहिनी म्हणाल्या. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि म्हाताऱ्याच्या टेबलाशी बसल्या. "मागून अजून एक घोळका येतोय."